पानगळीतला वॉलाय: लेक ईरीच्या काठावरून रात्री गरवताना

दिवाळीचा फराळ संपत येतो तेव्हा अमेरिकेतल्या लेक ईरी या महासरोवराच्या ओहायोकडच्या काठावर वॉलाय हा शिकारी मासा रात्री अगदी दगडांपर्यंत येऊ लागतो. बोट लागत नाही, फार महागडं सामानही लागत नाही. तरी क्लीव्हलंड, लोरेन, हुरॉनच्या धक्क्यांवर दर शनिवारी तेच दृश्य दिसतं. नवीन माणूस जीव खाऊन लांब फेकतो, भराभर गुंडाळतो, घडीघडी हेडलॅम्प पाण्यावर मारतो आणि कुडकुडत घरी जातो. त्याच्या शेजारी उभे असलेले आजोबा काहीच करत नसल्यासारखे दिसतात, आणि त्यांच्या बर्फाच्या पेटीत मासे असतात.

दोघांचं ल्युअर (माशासारखं दिसणारं खोटं आमिष) बहुतेक वेळा एकच असतं. आजोबांनी निम्मं काम दिवसाउजेडी उरकलेलं असतं आणि पाण्यावर आल्यावर ते सगळं संथ करतात, एवढाच फरक. कोकणात खाडीला गरवलेल्यांना हे अंमळ जड जातं, कारण जिताड्या-तांबोशीने हाताला लावलेली झटक्याची सवय इथे आड येते.

मासा काठाला का येतो, तेवढंच

वॉलायच्या डोळ्यात मागच्या बाजूला परावर्तक थर असतो. अंधुक उजेडात आणि गढूळ पाण्यात त्याला आपल्या भक्ष्यापेक्षा खूप चांगलं दिसतं. (बॅटरीच्या उजेडात जिताड्याचे डोळे चमकतात, तसेच याचेही.) उन्हाळ्यात पूर्वेकडच्या खोल, गार पाण्यात गेलेले मासे शरदात पश्चिमेकडे परतू लागतात. त्याच सुमारास गिझर्ड शॅड आणि एमराल्ड शायनर ही छोटी मासळी बंदरांत आणि नदीमुखांशी गोळा होते. वॉलाय अंधार पडला की तिच्यामागे उथळात शिरतो. म्हणजे आपण वॉलाय शोधायचाच नाही, शॅड शोधायचा.

1. रात्र निवडा

पाणी साधारण 55 अंश फॅरनहाइटच्या खाली उतरलं की काठावरचा हंगाम सुरू झाला असं समजा. 50 ते 42 हा पट्टा सगळ्यात चांगला. ओहायोत हे ढोबळमानाने ऑक्टोबरच्या शेवटापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालतं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे गेली की महिन्याच्या मध्यावर क्लीव्हलंडला पाचच्या आसपास सूर्य मावळतो. ऑफिस सुटल्यावर जाऊन, जेवायच्या वेळेला घरी येता येतं. पौर्णिमेची वाट बघणारे खूप आहेत. माझ्या मते वारा आणि शॅड जमले तर चंद्राकडे बघायची गरज नाही.

वारा मात्र बघायचाच. ओहायोचा काठ तळ्याच्या दक्षिणेला आहे, म्हणून दक्षिणेचा वारा काठाचं पाणी शांत ठेवतो आणि उत्तर किंवा ईशान्येचा वारा लाटा थेट धक्क्यावर आणून आपटतो. ईरी पाचही महासरोवरांत सर्वांत उथळ. सरासरी खोली 62 फूट, आणि पश्चिमेच्या भागात तर जेमतेम 24. त्यामुळे लाटा बघता बघता उठतात आणि त्यांच्यातलं अंतरही कमी असतं. समुद्र पाहिलेल्या माणसाला हे तळं म्हणजे काय विशेष, असं वाटतं आणि तिथेच फसायला होतं.

उत्तरेचा वारा पडून एखादा दिवस गेला, पाणी किंचित गढूळ आहे आणि आता वारा दक्षिणेचा झालाय, अशी संध्याकाळ मिळाली तर बाकी कामं सोडून जा.

*तपासा:* निघण्याआधी नॅशनल वेदर सर्व्हिसच्या क्लीव्हलंड कार्यालयाचा काठालगतच्या पाण्याचा अंदाज वाचा. त्यात लाटांची उंची फुटांत असते. तीन फूट किंवा जास्त दिसलं तर उघड्या ब्रेकवॉलवर (लाटा अडवणाऱ्या बांधावर) जायचं नाही. बंदराच्या आतली जागा धरा किंवा घरी बसा.

2. परवाना आणि नियम

हे पटकन उरकू. ओहायोत 16 वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला मासेमारीचा परवाना लागतो. तो हंटफिश ओएच या ॲपवर काढता येतो. ईरीत वॉलायची किमान लांबी 15 इंच आणि माणशी दिवसाला 6 मासे ही मर्यादा. पण नियम दरवर्षी नव्याने जाहीर होतात, तेव्हा हंगामाच्या सुरुवातीला राज्याच्या वन्यजीव विभागाचं ताजं पत्रक बघाच. मिशिगन, पेनसिल्व्हेनिया, ऑन्टॅरिओ यांचे परवाने वेगळे. एकाचा दुसरीकडे चालत नाही.

पाहुणा म्हणून आलेले बाबा किंवा सासरे हातात रॉड धरणार असतील तर त्यांचाही परवाना काढा. "ते नुसते उभे होते" हे अधिकाऱ्याला पटत नाही.

3. जागा दिवसा पाहून या

या पायरीला सगळे फाटा देतात, आणि निम्म्या रिकाम्या रात्रींचं मूळ हेच. हुरॉनचा लांब धक्का, लोरेनचं बंदर, क्लीव्हलंडला एजवॉटर आणि ईस्ट फिफ्टी-फिफ्थ स्ट्रीटची बाजू या माहितीतल्या जागा आहेत. पण नाव कळलं म्हणजे जागा कळली असं होत नाही. दुपारी उजेडात जा आणि एवढं बघून घ्या:

गाडी कुठे लावायची आणि उद्यान किती वाजता बंद होतं. फाटकावरची पाटी वाचा. रात्री गाडी आत अडकली की मग फोनाफोनी करत बसावं लागतं. ब्रेकवॉलवर चालायला परवानगी आहे का, तेही पाटीवरच असतं.

दगड कसे आहेत. सपाट काँक्रीटचा धक्का आणि मोठमोठ्या शिळांचा बांध यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या वर्षी काँक्रीट सोडून हलू नका.

मासा लागला तर जाळीत कुठून घेणार? उभं राहण्याच्या जागेपासून पाणी किती खाली आहे, ते नजरेने मोजा. जाळीचा दांडा तेवढा लांब हवा. बऱ्याच धक्क्यांवर 8 ते 12 फुटी दांड्याशिवाय भागत नाही.

दिव्यांचा उजेड कुठे पडतो. बंदरातले दिवे पाण्यावर जिथे संपतात, ती उजेड-अंधाराची कड लक्षात ठेवा. शॅड उजेडात फिरतो, वॉलाय कडेच्या अंधारात दबा धरून असतो.

पाणी पारखायला पांढरं ल्युअर दोन फूट खाली सोडा. पुसट का होईना, दिसत असेल तर ठीक. चहासारखं पाणी असेल आणि काहीच दिसत नसेल तर दुसरी जागा बघा.

4. सामान: थोडं, पण तयार

सात फुटी, मध्यम ताकदीचा स्पिनिंग रॉड, 2500 किंवा 3000 आकाराचं रील, 10 पौंडी ब्रेड लाईन (विणलेली दोरी) आणि पुढे तीनेक फूट 10 ते 12 पौंडी फ्लुरोकार्बन लीडर (टोकाला जोडायचा दोरीचा तुकडा). लीडरच्या टोकाला छोटा, गोल तोंडाचा स्नॅप (ल्युअर अडकवायची उघडझाप कडी). स्विव्हल (गोल फिरणारी कडी) लावू नका, त्याच्या वजनाने ल्युअरचं नाक खाली जातं आणि डोलणं बिघडतं. स्नॅपमुळे गार पडलेल्या बोटांनी अंधारात गाठ मारावी लागत नाही.

ल्युअर लांब, सडपातळ, पाण्यात जागच्या जागी तरंगत राहणारी. रापालाचं हस्की जर्क आणि स्मिथविकचं परफेक्ट टेन रोग ही इथे जवळजवळ प्रत्येकाच्या डब्यात असतात. चार-पाच इंची, दोन ते सहा फुटांपर्यंत जाणारी घ्या. फार खोल जाणारी नकोत. वॉलाय वर बघून मारतो. त्याच्या पोटाखालून गेलेलं आमिष त्याच्यासाठी नसल्यातच जमा. रंगावर डोकं खपवू नका. एक पोट उजळ असलेलं, एक पूर्ण गडद, एक भडक: तीन पुरे.

आता बादलीची चाचणी. ही करणारे फार थोडे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. "जागच्या जागी तरंगणारं" असं खोक्यावर लिहिलेलं असतं ते कोमट पाण्यातलं. पाणी गार झालं की त्याची घनता वाढते, आणि जे ल्युअर सप्टेंबरमध्ये स्थिर राहत होतं ते नोव्हेंबरमध्ये थांबवल्याबरोबर वर येऊ लागतं. घरी बादलीत पाणी घ्या, बर्फ टाका, स्वयंपाकघरातल्या थर्मामीटरवर 45 अंश दिसेपर्यंत ढवळा. बर्फाचे उरलेले तुकडे काढा. ल्युअर गऱ्या आणि स्नॅपसकट पाण्यात बुडवा, हलवून बुडबुडे झटका आणि सोडा. अगदी सावकाश वर येत असेल तर चालेल. सुळकन वर येत असेल तर पोटावर, पुढच्या गरीजवळ, शिशाच्या चिकट टिकल्या एकेक करून लावा आणि पुन्हा सोडा. नाक किंचित खाली ठेवून स्थिर राहिलं की झालं. बुडायला लागलं तर शेवटची टिकली काढा. प्रत्येक ल्युअरला हे वेगळं करावं लागतं, एकाच खोक्यातली दोनही सारखी नसतात.

टिकली लावलेल्या ल्युअरवर मार्करने खूण करून ठेवा. रात्री कोणतं कोणतं ते कळत नाही.

बाकी: लाल उजेडाचा हेडलॅम्प आणि एक जादा, लांब पक्कड, रबरी जाळं (दोऱ्याच्या जाळ्यात तिहेरी गऱ्या अशा गुंततात की अर्धा तास त्यातच जातो), खिळ्यांचे तळवे जोडलेले बूट, मोजपट्टी, बर्फाची पेटी. आणि फुगणारं लाईफ जॅकेट, अंगात घातलेलं. गाडीत ठेवलेलं लाईफ जॅकेट काही कामाचं नाही.

*सावध:* 45 अंशांच्या पाण्यात पडलं की पहिल्या मिनिटात श्वासावरचा ताबा जातो आणि थोड्याच वेळात हातपाय हवे तसे चालत नाहीत. पट्टीच्या पोहणाऱ्याचंही तेच होतं. एकटं जाऊ नका. घरी धक्क्याचं नाव आणि परतायची वेळ सांगून निघा, शिट्टी गळ्यात ठेवा. ओला, काळा, शेवाळलेला दगड दिसला की त्याच्या अलीकडे, वरच्या कोरड्या बाजूलाच थांबायचं. मासा कितीही मोठा असो, त्याच्यासाठी खाली उतरायचं नाही.

5. उजेड असताना पोचा

सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी जागेवर उभे असायला हवं. रॉड जोडून, ल्युअर लावून, जाळीचा दांडा उघडून हाताशी ठेवून. ड्रॅग (रीलचा दोरी सोडणारा ब्रेक) हाताने ओढून बघा. दोरी जोर लावल्यावर सुटली पाहिजे, करकचून आवळलेली नको. तिहेरी गऱ्या वॉलायच्या तोंडातल्या पातळ कातडीत लागतात आणि ताठ ओढलं तर फाटून निघतात.

शेजाऱ्याला विचारून जागा घ्या आणि त्याच्या दोरीवरून फेकू नका. अमेरिकेतल्या धक्क्यांवर हा अलिखित नियम आहे, आणि जो हा नियम पाळतो त्याला शेजारी आपण होऊन चार गोष्टी सांगतात.

अंधार पडत असताना गप्प राहा, ऐका. शॅड पृष्ठभागावर फुटतो तेव्हा तव्यावर मोहरी तडतडावी तसा बारीक आवाज येतो. मधेच एखादा जड "बदक्" ऐकू आला तर वॉलाय कामाला लागलेत. अर्धा तास काहीच ऐकू आलं नाही, दिव्याखालीही छोटी मासळी दिसत नाही, तर शंभर पावलं सरका.

*तपासा:* ल्युअर पायाशी पाण्यात ओढून बघा. सरळ चालतंय, डोलतंय ना? एका बाजूला पळत असेल तर पुढची तारेची कडी पकडीने उलट्या बाजूला केसभर वाकवा. हे अंधारात जमत नाही.

6. फेकणं: आधी जवळ

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. समोर अथांग काळं पाणी दिसतं आणि हात आपोआप लांब फेकायला जातो. पण मासा शॅडला दगडाशी कोंडून मारतो. म्हणून पहिल्या फेकी धक्क्याला समांतर, डावीकडे आणि उजवीकडे. मग पंखा उघडल्यासारखं थोडं थोडं बाहेर. सरळ समोर, लांब, हे सगळ्यात शेवटी.

दिव्याची कड असेल तर ल्युअर उजेडात टाकून अंधारात आणा. तिथेच मार बसतो.

7. गुंडाळणं: तुम्हाला वाटतं त्याच्या निम्म्या वेगाने

या आकाराच्या रीलचा एक फेरा सुमारे 30 इंच दोरी ओढतो. सेकंदाला एक फेरा मारलात तर ल्युअर सेकंदाला अडीच फूट पळतं, आणि 45 अंशांच्या पाण्यातला शॅडसुद्धा तसा पळत नाही. पाणी 50 च्या वर असेल तर दोन सेकंदांना एक फेरा. त्याखाली तीन सेकंदांना एक. रॉडचं टोक खाली, पाण्याकडे. ल्युअरचं डोलणं मुठीत जेमतेम जाणवलं पाहिजे. जाणवायचं थांबलं तर एक तर वेग फार कमी झालाय किंवा पान अडकलंय.

पानांचं खरंच लक्षात ठेवा. या दिवसांत बंदरात पानांचा खच तरंगतो. गरीला एक पान लागलं की ती फेक वाया. शंका आली की ओढून बघा, पण पाण्याकडे पाठ करून, लाल उजेडात.

चार-पाच फेऱ्यांनंतर थांबा. तीन सेकंद, पाच सेकंद, पाणी फार गार असेल तर दहा. बादलीतली मेहनत इथे कामी येते: ल्युअर मासळीच्या उंचीवर तसंच लटकत राहतं. बहुतेक मार थांबलेलं असताना किंवा पुन्हा हलवल्याबरोबर बसतात.

आणि शेवटचे पंधरा फूट. ल्युअर जवळ आलं की माणूस पुढच्या फेकीचा विचार करू लागतो आणि पटकन उचलतो. वॉलाय मात्र मागोमाग आलेला असतो, दगड दिसल्यावर त्याला निर्णय घ्यायचा असतो. म्हणून पायाशी आल्यावर आणखी सावकाश, रॉडच्या लांबीएवढी दोरी उरली की पूर्ण थांबा, मनात पाच मोजा, मग रॉड बाजूला सावकाश ओढत ल्युअर दगडाला समांतर न्या. मग उचला. प्रत्येक फेकीला. कंटाळा येतो, पण याच जागी मासे लागतात.

*सावध:* पाण्यावर पांढरा उजेड मारू नका. उथळात आलेला मासा त्याने निघून जातो, आणि शेजारी वर्षभर नावं ठेवतो.

8. मार ओळखणं आणि मासा आणणं

जिताडा रॉड हातातून हिसकावतो. वॉलाय गार पाण्यात तसं काही करत नाही. बऱ्याचदा ओलं फडकं अडकल्यासारखं नुसतं जड लागतं, किंवा डोलणं एकदम बंद होतं. झटका देऊ नका. गुंडाळत राहा, वजन जाणवलं की रॉड बाजूला लांब ओढा. रॉड वाकलेला ठेवा, दोरी ढिली पडू देऊ नका, आणि घाई करू नका.

जाळी धरणाऱ्याशी आधीच ठरवून घ्या. जाळं पाण्यात अर्धं बुडवून स्थिर धरायचं, आणि गरवणाऱ्याने मासा डोक्याकडून त्यात आणायचा. जाळं घेऊन माशामागे धावलं की मोकळी गरी जाळ्याच्या कडेला अडकते आणि मासा जातो. मोठा मासा दोरीने वर उचलायचा प्रयत्न तर नकोच. दिवा लावायचा तो याच वेळी.

वॉलायला तोंडात अंगठा घालून धरायचं नाही; सुळे आहेत, आणि कल्ल्यांच्या झाकणाची कडही कापते. पाठीवरचा काटेरी पर खाली दाबून डोक्यामागे पकडा आणि गऱ्या पकडीनेच काढा. घरून निघण्याआधी गऱ्यांची उलटी टोकं चेपून ठेवली असतील तर माशाचं, जाळ्याचं आणि तुमच्या बोटांचं, तिघांचं भलं.

28 इंचांच्या पुढचा मासा म्हणजे ओहायो राज्य मोठ्या माशांसाठी देतं त्या फिश ओहायो सन्मानाला पात्र. तो बहुधा वसंतात अंडी घालणारी मादी असते. फोटो काढून सोडून द्यावी असं मला वाटतं. खायला 16 ते 20 इंची मासा जास्त गोड लागतो.

9. गोठण बिंदूखाली

हवा 32 च्या खाली गेली की रॉडच्या कड्यांत बर्फ धरतो आणि ब्रेड लाईन करकरते. कड्यांना निघण्याआधी ओठांना लावायचा बाम चोळा. मधे बर्फ धरलाच तर रॉडचं टोक पाण्यात बुडवा. नखाने किंवा आपटून काढलात तर कड्यातली रिंग निघते. धक्क्यावर उडालेलं पाणी गोठून काचेसारखा थर दिसू लागला की सामान आवरा, मासे लागत असले तरी.

10. घरी आल्यावर

ठेवायचा मासा लगेच मारून, कल्ले कापून रक्त वाहू द्या आणि बर्फात ठेवा. बादलीत तडफडत ठेवलेल्या माशाचं मांस मऊ पडतं. तुकड्या काढताना मधल्या रेषेतले बारीक काटे बोटाने चाचपून, दोन्ही बाजूंनी चिरून ती पट्टी काढून टाका. गालाचे दोन छोटे गोळे विसरू नका, तो घरच्या सुगरणीचा मान.

गरोदर स्त्रिया आणि लहान मुलं घरात असतील तर राज्याने दिलेला मासे किती खावेत याचा सल्ला आधी बघा. कातडीखालची चरबी काढल्याने पीसीबी (चरबीत साठणारी घातक रसायनं) कमी होतात, पारा होत नाही. तो मांसातच असतो आणि मोठ्या माशात जास्त.

मासा पांढरा, कमी चरबीचा, वासाला सौम्य. आगळ, हळद, तिखट, मीठ लावून पंधरा मिनिटं, मग रव्यात घोळवून तव्यावर: याला तोड नाही. कालवणात सुरमईसारखा तग धरत नाही. करायचंच असेल तर रस्सा, तिरफळं पूर्ण उकळून घ्या, तुकड्या अगदी शेवटी सोडा आणि पळी घालू नका, भांडंच हलवा.